खिल्लारे मॅडमची सही

गोदावरीच्या कोरड्या पात्रात रेड्यांनी गोळ्या झाडल्या, तेव्हा हर्षदा वाकळे शिरसगव्हाणच्या तहसील कचेरीत एका तलाठ्यावर वैतागलेली होती. तलाठीबुवा आपल्या चावीचा परवलीचा शब्द विसरले होते, आणि तो हर्षदानं कुठंतरी जपून ठेवलेला असणारच अशी त्यांची ठाम समजूत होती. तिनं पुन्हा एकदा समजावलं की तुमचा शब्द तुमच्याशिवाय कुणालाच ठाऊक नसतो, मलाही नाही. म्हणून तर तुमच्या सहीला किंमत आहे. आता जुनी चावी रद्द करून नवी करावी लागेल. तलाठीबुवा आणखी काही बोलणार तेवढ्यात व्हरांड्यात धावपळ झाली आणि दारातूनच एका शिपायानं सांगितलं की डोहखेड्याला रेड्यांनी माणसं मारली.

डोहखेडा हे हर्षदाचं सासर. रोज सकाळी ती तिथूनच स्कूटीवर कचेरीत यायची.

रेडे हे नाव लोकांनी दिलेलं. सरकारी भाषेत ते 'स्वयंचलित नदीरक्षक' होते. काळे, बुटके, जाड मानेचे, रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर वाळूतून सरपटणारे, आणि डोक्याच्या जागी बंदूक. आधीच्या तहसीलदारांना भरदिवसा वाळूच्या टिप्परखाली चिरडलं, त्यानंतर ते आले. त्यापूर्वी पात्रावर माणसांचा पहारा होता. माणसाला धमकावता येतं, विकत घेता येतं, त्याच्या पोराला शाळेच्या वाटेवर अडवता येतं. रेड्याचं तसं काही करता येत नव्हतं. तो फक्त हुकूम ऐकायचा, आणि हुकूम खरा की खोटा हे सहीवरून ओळखायचा.

ही सही कागदावरची नव्हे. तालुक्यातल्या प्रत्येक अधिकाऱ्याकडे चाव्यांची एक जोडी होती. एक गुप्त, काडेपेटीएवढ्या डबीत बंद केलेली. दुसरी उघड, कुणीही पाहावी अशी. गुप्त चावीनं सही केली की उघड चावीनं ती कुणालाही तपासता येते, पण उघड चावीवरून गुप्त चावी काढता येत नाही. कारण साधं आहे. गुप्त चावी म्हणजे दोन प्रचंड मूळ संख्या, आणि उघड चावी म्हणजे त्यांचा गुणाकार. गुणाकार करायला यंत्राला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. पण त्या गुणाकारावरून मूळच्या दोन संख्या शोधायला जगातली सगळी यंत्रं जुंपली तरी माणसाचा जन्म अपुरा पडतो. या एका गोष्टीच्या भरवशावर रेड्यांच्या बंदुका भरलेल्या होत्या. कायदाही तसाच झाला होता: ज्याची सही जुळली, त्याचाच हुकूम. मी केली नाही, ही सबब कोणत्याही न्यायालयात चालत नव्हती.

या चाव्या तयार करणं, बिघडल्या तर दुरुस्त करणं आणि वेळ आली तर रद्द करणं हे हर्षदाचं काम. तिच्या पदाला लोक 'किल्लीदार' म्हणायचे.

तिनं तलाठ्याला तसंच सोडलं आणि पडद्यावर रेड्यांचा शेवटचा हुकूम उघडला. पात्रात उभ्या असलेल्या सर्वांना चोर समजून खऱ्या गोळ्या घालाव्यात, असा तो हुकूम होता. खाली सही होती तहसीलदार उज्ज्वला खिल्लारे यांची. तिनं ती तपासली. सही जुळली. पुन्हा तपासली, पुन्हा जुळली.

मग फोन वाजला. नवऱ्याचा, भारतचा होता. समाधान गेला, एवढंच तो म्हणाला.

ग्रामीण रुग्णालयात स्ट्रेचर दोनच होते, म्हणून तिसरं प्रेत प्लास्टिकच्या कागदावर जमिनीवरच ठेवलं होतं. तोच समाधान, भारतचा धाकटा भाऊ. गोळी मानेतून आरपार गेली होती. ओल्या सदऱ्याला वाळू चिकटून तिचा जाड थर बसला होता, आणि सासूबाई नखांनी तो खरवडून काढत होत्या. हर्षदा त्यांना मामी म्हणायची. मामी रडत नव्हत्या. हर्षदा शेजारी बसली तेव्हा त्यांनी तिचा हात धरून त्या थरावर ठेवला, जणू हे काम दोघींनी मिळून उरकायचं होतं.

काय झालं ते तिला तुकड्यातुकड्यांनी कळलं. गेले काही आठवडे वाळूचा धंदा करणाऱ्या बंकटशेठ गुत्तेदाराचे टिप्पर राजरोस पात्रात उतरत होते आणि रेडे त्यांना हात लावत नव्हते. गावानं त्यातून एकच अर्थ काढला, की मॅडम फुटल्या. वाळू उपसून उपसून गावच्या विहिरी आटल्या होत्या. शेवटी दुपारी समाधान आणि गावातली पंधरावीस माणसं टिप्परांपुढं आडवी झाली. टिप्पर थांबले, ड्रायव्हर उतरून पळाले, आणि रेड्यांनी माना वळवल्या. लोकांना वाटलं, आता चोरांना धरतील. काही जणांनी तर टाळ्या वाजवल्या. पहिली गोळी कुणाला लागली हेच आधी कळलं नाही.

भारत भिंतीला टेकून उभा होता. त्याचं गावात ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. हाताला ऑईल तसंच होतं आणि त्यावर भावाचं रक्त वाळलं होतं. त्यानं बायकोला एकच गोष्ट विचारली.

"सही कुणाची?"

हर्षदानं खरं ते सांगितलं. ती खोटं बोलू शकली असती, निदान म्हणू शकली असती की अजून बघते आहे. पण सही तिनं दोनदा तपासली होती.

"खिल्लारे मॅडमची," ती म्हणाली.

संध्याकाळी उज्ज्वला खिल्लारेंनी तिला केबिनमध्ये बोलावलं. चाळिशी ओलांडलेली, सडसडीत, आवाज कधीही न चढवणारी बाई. दोन वर्षांपूर्वी टिप्परनं उडवलेल्या गाडीतून त्या वाचल्या होत्या, तेव्हापासून डाव्या पायानं किंचित लंगडायच्या. कचेरीत त्यांचा धाक होता, पण हर्षदाच्या डब्यातली ठेचा-भाकरी त्या मागून घेऊन खायच्या. चावीची डबी त्यांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात असायची. ती त्यांनी काढून टेबलावर ठेवली.

"मी हा हुकूम दिलेला नाही," त्या म्हणाल्या. "आणि टिप्पर सोडायचाही कधी दिला नाही. तू मला ओळखतेस म्हणून विश्वास ठेव, असं म्हणणार नाही. तपास."

हर्षदाचा दीर शवागारात होता. मॅडम म्हणाल्या की गोळीबाराच्या वेळी त्या जिल्ह्याची बैठक संपवून परत येत होत्या, सोबत फक्त ड्रायव्हर. हा काही पुरावा नव्हे, हे दोघींनाही ठाऊक होतं. सही गाडीतूनही करता येते. हर्षदानं डबी उचलली आणि बाहेर आली. त्या क्षणी तिला मॅडमचा राग आला होता, आणि तो राग खोटा ठरू नये असंही कुठंतरी वाटत होतं. कुणावर तरी राग काढता येणं ही सुद्धा एक सोय असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शवविच्छेदन होऊन प्रेतं गावाकडे निघाली, तेव्हा हर्षदा त्यांच्याबरोबर गेली नाही. आधी कचेरीत जाऊन येते, असं तिनं भारतला सांगितलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि गाडीचं दार ओढून घेतलं.

कचेरीत तिनं डबी वाचकयंत्राला लावली. प्रत्येक डबी आपण आजवर किती सह्या केल्या याचा आकडा आतल्या आत ठेवते, आणि तो कुणालाही बदलता येत नाही. रेड्यांकडे खिल्लारे मॅडमच्या सहीचे जितके हुकूम पोचले होते, तितक्या सह्या डबीनं केलेल्याच नव्हत्या. रेड्यांकडचा आकडा मोठा होता.

म्हणजे तीच चावी आणखी कुठंतरी होती. पण डबीतून चावी बाहेर काढता येत नाही. फोडली तर ती जळून जाते. मग चोरानं ती मिळवली कशी? चोरलीच नसेल, तर मग हिशेबानं काढली असेल. आणि ते तर अशक्य मानलेलं होतं.

ती बराच वेळ उघड चावीच्या त्या शेकडो आकडी संख्येकडे बघत बसली. मग तिनं राज्यभरातल्या त्याच खेपेच्या सगळ्या डब्यांच्या उघड चाव्या मागवल्या. त्यात चोरून घेण्यासारखं काही नव्हतं. उघड चाव्या उघडच असतात. आणि सातवीच्या वर्गात शिकवतात ती गोष्ट तिनं यंत्राला करायला लावली. खिल्लारे मॅडमच्या चावीचा प्रत्येक चावीबरोबर मसावि काढ, म्हणजे दोन्ही संख्यांना भागणारी सर्वांत मोठी संख्या.

बहुतेक ठिकाणी उत्तर आलं एक. तसंच यायला हवं. पण शेजारच्या जिल्ह्यातल्या एका उपविभागीय अधिकाऱ्याच्या चावीशी मसावि आला तो भलामोठा, अर्धा पडदा भरेल एवढा. दोघांच्या चाव्यांमध्ये एक मूळ संख्या सामायिक होती.

सगळा उलगडा तिथंच झाला. एक संख्या फोडून तिचे दोन भाग काढणं अशक्य असतं, पण दोन संख्यांमधला सामायिक भाग काढणं पोरखेळ असतो. तो मिळाला की साधा भागाकार करून दोन्ही गुप्त चाव्या हातात येतात. डबी आपल्या मूळ संख्या यदृच्छेनं निवडते. त्यासाठी तिला आधी थोडा वेळ लागतो. तापमान, विजेचे बारीक चढउतार यांमधून ती अनिश्चितता गोळा करते. कारखान्यात घाई झाली होती. डब्या सुरू केल्याबरोबर चाव्या बनवून घेतल्या होत्या. म्हणजे पत्ते पिसण्याआधीच डाव वाटला, आणि दोघांच्या हातात तेच पान आलं. कुणातरी जाणकारानं सगळ्या उघड चाव्या एकत्र करून हे ओळखलं होतं आणि ज्याला गरज होती त्याला ते दिलं होतं. बंकटशेठला गरज होती.

हर्षदानं जिल्ह्याला फोन लावला. पलीकडच्या अधिकाऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की प्रकरण गंभीर आहे, समितीपुढं ठेवू, लेखी आदेश येईपर्यंत कशालाही हात लावू नका. रेड्यांना नवी चावी द्यायची तर राज्यस्तरावरून मंजुरी लागेल, ती संध्याकाळशिवाय मिळणार नाही.

ती मॅडमच्या केबिनमध्ये धावली. केबिन रिकामी होती. शिपाई म्हणाला, मॅडम डोहखेड्याला गेल्या. कागद तपासायला लागतील तेवढे दिवस लागू देत, मेलेल्यांच्या घरी जायला मला कुणाची परवानगी नको, असं म्हणाल्या. जाताना हर्षदाच्या टेबलावरची डबी घेऊन गेल्या.

हर्षदानं फोन केला तेव्हा मागून येणाऱ्या आवाजांवरूनच तिला काय ते कळलं. बाकीचं मॅडमनी सांगितलं. गावच्या वेशीवर जीप अडवली होती. ड्रायव्हरला खाली ओढून दगडानं त्याचं तोंड फोडलं, जीप पेटवून दिली. मॅडम लंगडत पात्रात उतरल्या आणि पाणीपुरवठ्याच्या पडक्या पंपघरात शिरल्या. धनी संकटात दिसला की रेडे आपणहून त्याच्याभोवती येतात. तसे ते आले होते. मागं डोहाचं पाणी, तिन्ही बाजूंनी माणसं, आणि मध्ये रेडे.

"त्यांनी दोनदा गोळ्या घातल्या," मॅडम म्हणाल्या. त्यांचा श्वास लागला होता. "मी थांबा म्हणते, थांबतात. मग माझ्याच सहीनं कुणीतरी मारा म्हणतं. नंतरचा हुकूम आधीच्याला खोडतो. पलीकडच्या काठावर पांढरी गाडी आहे, एरियलवाली."

हर्षदानं मसाविचं सांगितलं, एका दमात.

"मग चावी रद्द कर," मॅडम म्हणाल्या.

रद्द करायचा अधिकार फक्त किल्लीदाराचा. तो मुद्दामच तसा ठेवला होता, म्हणजे तहसीलदाराच्या कपाळाला पिस्तूल लावून कुणी पहारा उठवू नये. हर्षदानं त्यांना आठवण करून दिली की चावी रद्द झाली तर धनी नसलेले रेडे बंदुका मिटून बसतील. जमाव तुमच्यापर्यंत येईल.

"माहीत आहे. माझ्या सहीनं आणखी कुणी मरायला नको."

तेवढ्यात आवाज तुटला. गावातला टॉवर पेटवला होता, हे तिला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळलं की रद्दीचा आदेश आता कचेरीतून पाठवता येणार नाही. स्वतःचं यंत्र घेऊन रेड्यांपासून हाकेच्या अंतरावर जावं लागणार होतं.

डोहखेड्याच्या फाट्यावर पोलीस होते. फौजदार म्हणाला की पात्रात पाय ठेवला तर रेडे आम्हालाही सोडणार नाहीत. वरून कुमक मागवली आहे. त्यानं तिला अडवलंही नाही. जीप अजून धुमसत होती. शेजारी ड्रायव्हर बसला होता, जबडा दोन्ही हातांत धरून, बोटांमधून रक्ताची लाळ गळत होती.

पात्र म्हणजे खड्डेच खड्डे. वाळू उपसून केलेले, तळाशी हिरवं पाणी साचलेले. माणसं त्या खड्ड्यांच्या आडून पुढं सरकत होती. कुणाकडे कोयता, कुणाकडे फावड्याचा दांडा, दोघाचौघांकडे गोफणी. गोफणीतला दगड रेड्याच्या पाठीवर आपटला की ठण्ण आवाज व्हायचा. हर्षदा उतारावरून खाली येत असतानाच रेड्यांनी तिसऱ्यांदा गोळ्या झाडल्या. तिच्यापुढं पळणारा माणूस, गावातला दुधाचा रतीब घालणारा किसन, गुडघ्यावर बसला, पोटाशी हात नेला आणि आश्चर्यानं हाताकडे बघत खड्ड्यात घसरला. त्याच्या पाठोपाठ ती खड्ड्यात पडली. पाणी लाल होत होतं. किसन तिला काहीतरी सांगू पाहत होता, पण तोंडातून शब्द येण्याऐवजी बुडबुडे आले, आणि मग तेही थांबले.

कुणीतरी तिचा दंड धरून तिला वर ओढलं. भारत होता. डोक्याचं मुंडण केलेलं, अंगाला चितेच्या धुराचा वास, हातात गॅरेजातली लोखंडी टामी. त्यानं तिला वाळूच्या ढिगाआड बसवलं.

"तू इथं कशाला आलीस? तिला वाचवायला?"

तिनं सांगितलं, जितकं सोपं करून सांगता येईल तितकं. सही मॅडमची नाही. चावी दुसऱ्या कुणीतरी बनवली. पलीकडं बघ, ती पांढरी गाडी. बंकटशेठच्या माणसांनी समाधानला मारलं, आणि आता तेच तुम्हाला मारत आहेत, मॅडमच्या नावानं.

"काल तूच सांगितलंस, सही तिची हाय म्हणून."

"मला काल माहीत नव्हतं."

"आज माहीत झालं? भावाला मी एकट्यानं जाळून आलो, अन् तू तिकडं बसून हे माहीत करून घ्यायलीस?"

तिनं पिशवीतून आपलं यंत्र काढून त्याला दाखवलं आणि सांगितलं की हे दाबलं की सगळे रेडे बसतील; मग कुणाला गोळी लागणार नाही. पण आधी लोकांना मागं घे. मॅडमच्या अंगाला हात लागणार नाही असा शब्द दे. त्याशिवाय मी दाबणार नाही.

भारतनं पंपघराकडे पाहिलं. दारात उज्ज्वला खिल्लारे दिसत होत्या, हातात डबी, पुन्हा पुन्हा थांबण्याचा हुकूम सोडत. मग त्यानं खड्ड्यातल्या किसनकडे पाहिलं.

"दिला," तो म्हणाला. "तू दाब. माणसं मी धरतो."

आणि त्यानं धरली. तो ढिगावर चढून उभा राहिला, गोळ्यांची पर्वा न करता, दोन्ही हात वर करून लोकांना थांबा म्हणू लागला. भारत वाकळेचा भाऊ गेला होता. त्याचं ऐकलं गेलं. गोफणी थांबल्या. माणसं जागच्या जागी बसली. हर्षदानं सात वर्षांच्या संसारात त्याला शब्द मोडताना कधी पाहिलं नव्हतं. तिनं परवलीचा शब्द टाकला, अंगठा टेकवला, आणि खिल्लारे मॅडमची चावी रद्द केली.

रेडे एकेक करून थांबले. बंदुका आत ओढल्या गेल्या, माना खाली आल्या, आणि पट्टे सैल पडून ती काळी धुडं वाळूत बसली. पलीकडच्या काठावरची पांढरी गाडी थोडा वेळ तशीच उभी होती, मग वळून धूळ उडवत निघून गेली. तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. पात्रात इतकी शांतता झाली की डोहाचं पाणी पंपघराच्या भिंतीवर आपटल्याचा आवाज ऐकू येत होता.

मॅडम बाहेर आल्या. हात उघडे, डबी गळ्यात परत अडकवलेली. त्या लोकांकडे चालत निघाल्या, लंगडत, आणि काहीतरी बोलू लागल्या. काय, ते हर्षदाला ऐकू आलं नाही. तिला दिसलं ते एवढंच की शेवटचा रेडा बसेपर्यंत ढिगावर हात वर करून उभा असलेला भारत आता ढिगावर नव्हता. तो पळत होता.

ती ओरडत त्याच्यामागं धावली. वाळूत पाय रुतत होते. टामीचा पहिला फटका मॅडमच्या खांद्यावर बसला आणि त्या फिरल्या. दुसरा डोक्यावर, कानाच्या वर. ओला नारळ फोडावा तसा आवाज आला. त्या खाली बसल्या, आणि मग आडव्या झाल्या. टामी पुन्हा वर गेली तेव्हा हर्षदा त्यांच्या अंगावर पडली होती. तो फटका तिच्या गळ्याच्या हाडावर बसला. डोळ्यांपुढं पांढरं झालं, आणि त्या पांढऱ्यात तिला भारतचा चेहरा दिसला. खाली कोण आहे हे त्यानं ओळखलं होतं. टामी त्याच्या हातातून गळून पडली. तोवर बाकीचे आले होते. भारत दोघींपुढं उभा राहून त्यांना मागं ढकलू लागला, पण दगड त्याच्या पायांमधून, कुशीवरून येतच राहिले. मॅडमचा हात हर्षदाच्या हातात होता. तो आधी घट्ट होता, मग नव्हता.

पुढच्या गोष्टी जशा व्हायच्या तशा झाल्या. हर्षदाचा मसावि तज्ज्ञांनी तपासला आणि मान्य केला. उज्ज्वला खिल्लारेंचं नाव निर्दोष ठरलं. राज्यभरातल्या त्या खेपेच्या डब्या रद्द झाल्या, रेडे ट्रकवर घालून कुठंतरी नेले. बंकटशेठला आणि त्याला चावी पुरवणाऱ्या दोघांना अटक झाली. सही जुळली म्हणजे हुकूम दिलाच, हे कलम बदलण्यासाठी एक समिती बसली.

मॅडमच्या खुनाचा खटला मात्र अडला. दगड खूप जणांचे होते, पण शवविच्छेदनात स्पष्ट लिहिलं होतं की मृत्यू डोक्यावरच्या एका फटक्यानं झाला. तो फटका कुणाचा, हे डोहखेड्यात कुणालाच सांगता येईना. धूळ होती, गर्दी होती, ऊन डोळ्यांवर होतं. टामी डोहात गेली होती. रेडे बसल्यावर त्यांचे कॅमेरेही बंद झाले होते. साक्षीदार उरली एकटी हर्षदा.

ती डोहखेड्यातच राहत होती. जायचं कुठं, हा प्रश्न नव्हता, माहेर होतं. पण भारत संशयावरून कोठडीत होता आणि मामी एकट्या होत्या. हात गळ्यात बांधलेला असताना मामींनीच तिची वेणी घातली, भाकरीचे तुकडे करून ताटात ठेवले. त्या दुपारबद्दल त्यांनी काही विचारलं नाही आणि हर्षदानं काही सांगितलं नाही. गावातल्या बायका येऊन मामींच्या कानाशी लागायच्या. मामी ऐकून घ्यायच्या. साक्षीच्या तारखेच्या आदल्या दिवशी भाकरी थापताना, पाठ न वळवता त्या म्हणाल्या, "एक गेला. दुसरा तुझ्या तोंडात हाय."

न्यायालयात भारत खूप बारीक झालेला दिसला. बचावाच्या वकिलांनी हर्षदाला बराच वेळ घोळवलं. आधी तिनंच सही मॅडमची असल्याचं सांगितलं होतं, तेही दोनदा तपासून, मग ते चुकलं. हे खरं ना? खरं. लेखी आदेश नसताना तिनं चावी रद्द केली, हे खरं ना? खरं. मग आज ती जे सांगते आहे त्याला आधार काय? कुठं नोंद आहे? कुणाची सही आहे?

"कशाचीच नाही," हर्षदा म्हणाली. "मी पाहिलं. डोक्यावरचा फटका माझ्या नवऱ्यानं मारला. त्याआधी त्यानं मला शब्द दिला होता, म्हणून मी चावी रद्द केली. आणि बाकीचे तुटून पडले तेव्हा त्यानंच त्यांना मागं ढकललं, हेही मी पाहिलं."

न्यायाधीशांनी आरोपीला काही म्हणायचं आहे का ते विचारलं. भारतनं वकिलाकडे न पाहता सांगितलं की ती म्हणते तसंच झालं.

बाहेर व्हरांड्यात मामी बाकावर बसल्या होत्या. त्या आत आल्याच नव्हत्या; आतलं सगळं त्यांना गावच्या माणसांनी येऊन सांगितलं होतं, आणि सांगून ती माणसं त्यांच्यापासून जरा लांब जाऊन उभी राहिली होती. हर्षदा समोर जाऊन थांबली. आता यांनी तोंड फिरवलं तरी आपल्याला काही बोलायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

"शब्द दिला होता का गं त्यानं तुला?" मामींनी विचारलं.

"हो, मामी."

"तोंडानं म्हणला होता, दिला म्हणून?"

"हो."

मामींनी पदर तोंडावर घेतला. त्यांचे खांदे तेवढे हलत होते. मग त्यांनी पदरानंच तोंड पुसलं, बाकाचा आधार घेऊन उठल्या, आणि हर्षदाच्या दुखऱ्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली.

"चल," त्या म्हणाल्या. "गाडी चुकंल."